वडिलांचे किंवा पतीचे नाव

नीलिमा नाकतोडेने ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात चौदा वर्षं डेटाबेस शिकवला, आणि चौदाही वर्षं तासिका तत्त्वावर. म्हणजे जून उजाडला की नव्याने अर्ज करायचा, नव्याने मुलाखत द्यायची आणि आपल्याच वर्गात पाहुण्यासारखं शिरायचं. कायम नोकरीची जाहिरात निघणार, निघणार असं दरवर्षी कुणीतरी सांगायचं. ती काही निघाली नाही.

शिकवायची मात्र जीव लावून. त्यातही एक धडा तिचा फार आवडीचा होता. फळ्यावर ती शंभर माणसांच्या यादीचा एक लांब चौकोन काढायची आणि म्हणायची, "मी एक गोष्ट सांगन, तुमी बरोब्बर एकाच रांगेवर बोट ठेवाचं. दोन रांगांवर बोट गेलं तं ते गोष्ट बाद." पोरं ओरडायची, नाव! ती म्हणायची, या वर्गात दीपिका किती? दोघी हात वर करायच्या. नाव बाद. मोबाईल नंबर? दोन भावांत एक मोबाईल, तोही बाद. रोल नंबर? हां, तो चालतो. परीक्षेचा बैठक क्रमांक? तोही चालतो. "तं हे दोघं झाले उमेदवार. म्हून याले कॅन्डिडेट की म्हनतात, की म्हंजे चावी. उभे बरेच राह्यतात, आपन एकाले निवडून देतो, तो प्रायमरी. अन् एक ध्यानात ठेवा, उमेदवाराच्या अंगावर फालतू ओझं नाई पाह्यजे. रोल नंबर एकटा पुरते ना? मंग त्याले नावाची जोड कायले? काढून टाका."

वर्ग हसायचा, आणि हा धडा कुणी विसरायचं नाही.

वडील तिच्या बारावीतच गेले होते. मोठा भाऊ नागपुरात स्थिरावला. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा नीलिमा सत्तावीस वर्षांची होती. सकाळी आईचं सगळं करून कॉलेजला जायचं, दुपारी सायकल दामटत घरी यायचं, आईला भरवायचं, पुन्हा कॉलेज. स्थळं आली. पहिल्यांदा आईमुळे थांबवली, मग लोकांनीच आणायची थांबवली. हे कधी झालं ते तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आई गेली. त्याच वर्षी कॉलेजात संगणकाला सातच प्रवेश झाले, आणि जूनमध्ये तिला कुणी अर्ज करायला सांगितलं नाही.

त्यानंतर कित्येक महिने ती तांदूळ दोघींच्या मापाने धूत राहिली. भाऊ म्हणाला, इकडे ये. ती गेली, आठ दिवस राहिली. वहिनी वाईट नव्हती. पण त्या फ्लॅटमध्ये तिची बॅग ठेवायला जागा ठरेना. आज सोफ्याच्या मागे, उद्या गॅलरीत. नवव्या दिवशी ती परत आली आणि पुढच्याच महिन्यात कुरखेड्याला निघून गेली. तिथे अकरा गावांच्या ग्रामसभांनी मिळून एक संघ काढला होता. जंगलावर गावाला हक्क मिळालेला, त्या जंगलाची राखण करायची, माणसांच्या याद्या ठेवायच्या. त्यांना संगणक सांभाळणारं कुणीतरी हवं होतं.

संघाचं ऑफिस म्हणजे जुन्या गोदामाच्या दोन खोल्या. एका शिंप्याच्या घरामागे तिला राहायला खोली मिळाली, वर टिनाचं छप्पर, दारापुढे पपईचं झाड. संघाचे सचिव बापूराव पंचावन्नचे, उमदे आणि सतत घाईत. माणूस बोलायला लागला की ते उठून उभे राहत, म्हणजे लवकर संपेल.

"म्याडम, अकरा गावाची यादी एकाच कागदावर बसली पाह्यजे," त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "नाव, घर, गस्तीचा वार, सारं एका लाइनीत. मानसं वाचून राह्यली तं दोन कागद कोन पाहीन?"

नीलिमाने मान डोलावली. नवी जागा, नवा माणूस, आणि गस्त सुरू व्हायला पंधरा दिवस उरलेले. माघात पानगळ झाली की वणव्याचा धोका, तेव्हापासून गावागावांत पाळ्या लागत. पाच-पाच जणांची टोळी, ज्याचा वार त्याने जंगल फिरून यायचं. यादी त्याआधी हवी होती.

गावांतून वह्या आल्या. कुठे मास्तरांचं सुबक अक्षर, कुठे निळ्या पेनाची गिचमिड. अनुक्रमांक प्रत्येक वहीत एकपासून, आणि नवी वही केली की तोही बदलायचा. तेव्हा माणूस ओळखायचा कशावरून? नीलिमाने गाव, नाव, आडनाव आणि चौथा रकाना, 'वडिलांचे किंवा पतीचे नाव', असे चार मिळून चावी केली. या चार गोष्टी जुळल्या तर माणूस एकच, असं तिने मशीनला सांगितलं. नाव ओळखीला पुरत नाही हे चौदा वर्षं घोकून घेतलेली बाई ही. पण तिला वाटलं, चार रकाने आहेत, चार पुरतील.

कोसमटोल्याची वही हाती आली त्या दिवशी तिने चारशे नावं भरली होती. एकसष्टाव्या ओळीवर होतं, सुकरी लालसू पोटावी, वय साठ. एकशे सतराव्या ओळीवर पुन्हा, सुकरी लालसू पोटावी, वय बासष्ट. मशीनने दुसरं नाव घेतलं नाही. अशी नोंद आधीच आहे, असं पडद्यावर आलं. लिहिणाऱ्याने एकच बाई दोनदा लिहिली असेल, वयाचं काय, अंदाजानेच टाकतात. नीलिमाने ती ओळ सोडली आणि पुढच्या नावाकडे वळली. एवढंच झालं.

याद्या छापून गावोगाव गेल्या. बापूराव खूश झाले.

नीलिमाचे दिवस एकसारखे जायला लागले. सकाळी ऑफिस, दुपारी डब्यातलं वरण-भात, संध्याकाळी खोली. शिंप्याची बायको सुरुवातीला बोलावून चहा द्यायची, पुढे तीही कामात गुंतली. रविवार सगळ्यात लांब. रविवारी ती कपडे धुवायची, वाळले की घड्या घालायची, आणि तरी दुपारचे दोनच वाजलेले असायचे. कधीकधी शनिवारी संध्याकाळी ऑफिस बंद केल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत तिच्या तोंडून एक शब्द निघायचा नाही, आणि सोमवारी बापूरावांना हो म्हणताना आवाज घशातच अडकायचा.

चैत्रात याद्यांच्या दुरुस्तीसाठी गावोगाव फिरायचं ठरलं. कोसमटोल्याला ती काळीपिवळी जीपने निघाली. फाट्यावर उतरून पुढे तीन किलोमीटर पायी. फाट्यावर तिला घ्यायला त्या ग्रामसभेचे सचिव देवराव आले होते, खांद्यावर टॉवेल, हातात काठी. वाटेत मोहफुलं वेचणाऱ्या बाया दिसत होत्या. देवराव प्रत्येकीला हाळी देत होते, आज गोटुलात या, यादी वाचाची हाये.

गोटुलात, म्हणजे गावाच्या सभेच्या जागी, माणसं जमली. नीलिमा एकेक नाव वाचायची, माणूस हात वर करायचा, ती खूण करायची. कुणाचं वय चुकलेलं, कुणाचं आडनाव. दीड तासाने शेवटचं नाव झालं. लोक उठायला लागले. तिने मान वर केली तेव्हा मागच्या खांबाला टेकून एक म्हातारी बसलेली दिसली, हिरवं लुगडं, मांडीवर दोन्ही हात. तिने एकदाही हात वर केला नव्हता.

"बाई, तुमचं नाव राह्यलं का?" नीलिमाने विचारलं.

"सुकरी."

"सुकरी तं झालं ना."

म्हातारीने पुढे बसलेल्या एका बाईकडे हनुवटी केली. "ते तिचं. ते लालसूची बायको."

"अन् तुमच्या मालकाचं नाव?"

"मालक नाई."

"मंग वडलाचं?"

"लालसू."

नीलिमाच्या हातातला पेन तसाच राहिला. देवराव हसत म्हणाले, "दोन लालसू होते म्याडम. हिचा बाप म्हातारा लालसू, तो गेला मागंच. अन् हा," त्यांनी एका माणसाकडे बोट केलं, "हा आताचा लालसू, त्याची बायको ते सुकरी. पोटाव्याईचे अकरा घर हाओत इथी."

"मंग हिचं नाव यादीत नाई, हे तुमी सांगतलं काऊन नाई?"

"आमाले वाटलं, ऑफिसनं म्हातारीले सूट देल्ली. आता तिनं आराम करावा म्हून. आमी बोललो बी, बरं झालं."

नीलिमाने म्हातारीकडे पाहिलं. "अन् तुमाले काय वाटलं?"

सुकरीने मांडीवरचे हात उलटे केले, परत सुलटे केले.

"मले वाटलं, गावानं काटलं."

मग सगळे एकदम बोलायला लागले, दुसरी सुकरी तर उठून तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून गोंडीत काहीबाही सांगू लागली. म्हातारी नुसती ऐकत होती.

जेवायला नीलिमा सुकरीच्या घरी गेली. घर म्हणजे नाल्याच्या बाजूला एकच खोली, पूर्वी तिच्या भावाचा बैलांचा गोठा होता तो. भाऊ मेला, भाचे कुणी एटापल्लीला, कुणी चंद्रपुरात. लग्न का नाही केलं हे नीलिमाने विचारलं नाही, आणि सुकरीनेही तिला ते विचारलं नाही. पळसाच्या पानावर भात, आंबाडीची भाजी. दोघी समोरासमोर बसून जेवल्या.

"बाई, गावानं नाई काटलं. मी काटलं," ती म्हणाली. "तुमचं अन् तिचं नाव एकच दिसलं, मले वाटलं एकच बाई हाये. विचाराचं होतं, मी विचारलं नाई."

सुकरीने हे नीट ऐकून घेतलं. "तुह्या मशीनले मी अन् ते एकच वाटलो?"

"मशीनले मीच तसं शिकवलं."

"ते सुकरी तं उंच हाये," सुकरी म्हणाली. तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं.

मग हळूहळू तिने सांगितलं. गावाला जंगल मिळालं तेव्हापासून मंगळवारची पाळी तिची. बारा वर्षं. पाच जणी सकाळी निघत, डोंगराच्या कडेने फिरत, दुपारी नाल्यावर बसून आपापली गाठोडी सोडत, एकमेकींचं खात. आठवड्यातलं तेवढं एक जेवण ती चार माणसांत जेवायची. या वर्षी यादी आली, देवरावाने पाच नावं वाचली, तिच्या जागी गावातल्या कमळाचं नाव. ती घरी परत आली. पण पुढच्या मंगळवारी सकाळी पाय राहिले नाहीत. त्या पाच जणी गेल्यावर थोड्या वेळाने ती निघाली, दुसऱ्या वाटेने. दुपारी नाल्यावर त्यांचं हसणं ऐकू आलं तेव्हा ती वरच्या अंगाला मोहाखाली बसली आणि तिथेच गाठोडं सोडलं.

"किती मंगळवार गेल्या तुमी अशा?" नीलिमाने विचारलं.

"साऱ्याच," सुकरी म्हणाली.

परतीच्या वाटेवर देवराव बरंच बोलत होते. नीलिमाच्या कानात काही शिरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने बापूरावांना सांगितलं, यादी पहिल्यापासून बांधावी लागेल. बापूराव उभे राहिले. "एका म्हातारीसाठी? तिचं नाव टाका ना खाली हातानं!"

"आज हातानं टाकीन. उद्या दुसऱ्या गावात दुसरी सुकरी निघीन, ते कोन सांगीन? ते दोन महिने बोलली नाई भाऊ. बाकीच्या दहा गावात कोन कोन चूप बसलं असन, तुमाले मालूम हाये?"

बापूराव परत खाली बसले. असं सहसा होत नसे. "किती दिवस लागतीन?"

"दीड महिना."

"लागू द्या," ते म्हणाले.

मग तिने आपला जुना फळ्यावरचा खेळ स्वतःशीच मांडला, या वेळी खऱ्या माणसांवर. घर क्रमांक? सुकरीच्या गोठ्याला क्रमांकच नव्हता, आणि चावीचा रकाना रिकामा चालत नाही. शिवाय एका घरात दोन भाऊ वेगळे झाले तर क्रमांक एक, चुली दोन. मोबाईल? अर्ध्या गावाकडे नव्हता, आणि होता तो घरात एक. आधार? कितीतरी जणांची जन्मतारीख एक जानेवारी टाकलेली, काहींचं कार्ड झालेलंच नाही, आणि गावच्या गस्तीसाठी सरकारचा नंबर मागायचा आपल्याला अधिकार काय? नाव, गाव आणि जन्मवर्ष? ते तर अंदाजपंचे. गावातले लोक मात्र दोघींना चुकत नव्हते. एक नाल्याकडची सुकरी, एक वडाजवळची. पण वडाजवळचं घर उद्या कुणी हलवलं तर?

एकही उमेदवार टिकला नाही. तेव्हा तिने प्रत्येक माणसाला एक नवा नंबर द्यायचं ठरवलं. त्याचा वयाशी, घराशी, बापाशी, नवऱ्याशी काही संबंध नाही, तो बदलणार नाही, दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. कोऱ्या नंबराला अर्थ काहीच नसतो, आणि म्हणूनच तो खोटा पडत नाही. हे ती पोरांना सांगायची तेव्हा तिला ते नुसतं सोयीचं वाटायचं.

'वडिलांचे किंवा पतीचे नाव' हा रकाना तिने मोडला. एकाच खणात दोन वेगळ्या गोष्टी, त्यामुळेच बायको आणि लेक एक झाल्या होत्या. आता वडिलांचा वेगळा, पतीचा वेगळा, आईचाही एक. कुणाचा कुठला रिकामा राहिला तरी माणूस रिकामा होत नव्हता. एकाच लांब ओळीत कोंबलेलं सगळं तिने तीन टेबलांत वाटलं, एक माणसांचं, एक चुलींचं, एक पाळ्यांचं. पूर्वी ओळ गेली की माणूस, घर, वार, सारंच जायचं. आता पाळी बदलली तर माणसाच्या ओळीला धक्का लागणार नव्हता. आणि सारखी दोन नावं आली तर मशीनने दुसरं टाकून द्यायचं नाही, थांबायचं आणि विचारायचं. प्रश्नाचं वाक्य तिने स्वतः लिहिलं, 'ही दोन माणसं आहेत की एक? गावात विचारा.'

चुलींच्या टेबलात तिने पहिली नोंद कोसमटोल्याची केली. चूल सुकरीची, माणसं एक. मशीनने काही विचारलं नाही, नोंद झाली. नीलिमा बराच वेळ त्या एक आकड्याकडे पाहत राहिली. ब्रह्मपुरीच्या रेशनकार्डावर तिचं नाव आईखाली होतं. आई गेल्यावर ते भावाच्या कार्डावर चढवायचं म्हणून काटलं, आणि चढवायचं राहून गेलं. अकरा गावांत मिळून एकट्या माणसाच्या चुली तिने मोजल्या तेव्हा त्रेपन्न निघाल्या. कुठल्याच वहीत त्या वेगळ्या दिसत नव्हत्या. कुणाच्या तरी घराखाली, कंसात, 'बहीण', 'आत्या', 'विधवा सून'.

दहा गावांत तिने पुन्हा विचारणा केली. आणखी सात नावं सापडली. त्यातली चार बायांची होती.

दीड महिना म्हटलं होतं, लागले दोन. गस्तीचा हंगाम तोवर संपत आला. ज्येष्ठाच्या पहिल्या मंगळवारी नीलिमा नवी यादी घेऊन कोसमटोल्याला गेली. सुकरीला तिने तिचं कार्ड दिलं, साधा पुठ्ठ्याचा तुकडा.

सुकरीला वाचता येत नव्हतं, म्हणून नीलिमाने त्यावरचा नंबर वाचून दाखवला. "हा नंबर कोनाकोनाचा?"

"तुमचा एकटीचा."

"एकटीचा," सुकरी म्हणाली, आणि कार्ड कनवटीला लावलं. तिला ते आवडलं की नाही, नीलिमाला कळलं नाही.

त्या दिवशी मंगळवारची टोळी निघाली तेव्हा सहा जणी होत्या, कारण कमळानेही जागा सोडायचं नाकारलं. सातवी नीलिमा. तिला चालायची सवय नव्हती. उताराला पाय घसरायचे. बुधरी नावाची एक दणकट बाई तिला दर थोड्या वेळाने दंडाला धरून उभी करायची. सुकरी पुढे होती, काठीने पाला बाजूला करत. एका जागी सागाचं खोड ताजं तोडलेलं दिसलं, सगळ्या तिथे थांबल्या, बुंध्याला हात लावून पाहिला, देवरावाला सांगायचं ठरलं. दुपारी नाल्यावर गाठोडी सुटली. नाल्यात पाणी थोडंच उरलं होतं, वाळूत खड्डा करून काढावं लागलं.

"बाई, तुले कोन कोन हाये?" बुधरीने तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं.

"भाऊ हाये, नागपुरात."

"अन् इथी?"

"इथी कोनी नाई."

कुणी अरेरे केलं नाही. बुधरीने आपल्या पानावरची चटणी उचलून तिच्या पानावर ठेवली, आणि बोलणं तोडलेल्या सागाकडे वळलं. नीलिमाने ती खाल्ली. चटणी तिखट होती, डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पदराने पुसलं.

येत जा, असं त्या म्हणाल्या. ती त्यानंतर दोनदाच गेली. मंगळवार ऑफिसचा वार, कोसमटोला लांब, आणि दुसऱ्यांच्या जेवणात आपण किती वेळा बसावं याचा तिला अंदाज येईना. पण बाजाराच्या दिवशी सुकरी कुरखेड्याला आली की ऑफिसात यायला लागली. खुर्चीवर बसायची नाही, दाराशी उकिडवी बसायची. कधी मोहाची फुलं, कधी तेंदूची फळं आणायची. अर्धा तास दोघी काहीच बोलायच्या नाहीत. नीलिमा कळफलक बडवायची, सुकरी बसायची. मग ती उठून, जातो, म्हणायची. त्या अर्ध्या तासात नीलिमाला घड्याळ पाहावंसं वाटायचं नाही.

असं दीड वर्ष गेलं. एका बाजाराला सुकरी आली ती भिंत धरत आली. पायरी चढताना तिचा पाय हवेत थांबला, मग तिने हाताने पायरी चाचपली.

"डोये गेले का बाई?"

"एक गेला. एक धुकं धुकं हाये." ती दाराशी बसली. गडचिरोलीला ऑपरेशन होतं, देवराव नेतो म्हणतो, पाहू, असं बोलून तिने तो विषय संपवला. मग म्हणाली, "माहा मंगळवार काट. मागच्या वक्ती मी पडली, त्याईनं मले पाठीवर आनलं. माह्यामुळं त्याईचं फिरनं राह्यते."

नीलिमाने खुर्ची वळवली. सुकरी घाईने पुढे बोलली, हात वर करून, जणू काही आताच थांबवायला हवं.

"पाळी काट. नाव नको काटू."

"नाव नाई कटत बाई आता. दोन्ही अलग हाओत."

"पाह्य बरं."

नीलिमाने पाळ्यांचं टेबल उघडलं. मंगळवारची ओळ शोधली, आजची तारीख टाकून बंद केली. मग माणसांचं टेबल उघडलं आणि पडदा सुकरीकडे वळवला, तिला दिसणार नाही हे ठाऊक असूनही. "हे पाहा. सुकरी. बाप लालसू. गाव कोसमटोला. हाये."

सुकरी उठून पडद्याजवळ आली. उरलेल्या डोळ्याने, मान तिरकी करून, बोटभर अंतरावरून तिने पाहिलं. उजेडाशिवाय तिला काय दिसलं असेल कोण जाणे.

"अन् जेवाले जाऊ का मंग? नाल्यापावतर पोहोचवून देतो म्हनते बुधरी."

"त्याले कागद नाई लागत बाई. जा तुमी."

सुकरीने मान डोलावली. तिने आणलेली चारोळीची पुडी टेबलावर ठेवली. नीलिमा तिच्यासोबत बाजारापर्यंत गेली, हात धरून. काळीपिवळी भरत आली होती. कोसमटोल्याचीच दोन माणसं आत होती, त्यांनी सरकून जागा केली. सुकरी बसली, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली. ड्रायव्हरने आणखी दोन सवाऱ्यांसाठी पंधरा मिनिटं गाडी थांबवून ठेवली आणि तेवढा वेळ नीलिमा खिडकीशी उभी राहिली.

गाडी गेली. बाजार उठायला लागला होता, भाजीवाल्या गोणपाटं झटकत होत्या. बापूरावांनी सकाळीच सांगितलं होतं की बारावं गाव संघात येतंय, त्यांची वही टेबलावर आहे. नीलिमा ऑफिसात परतली, पंखा लावला, वही उघडली. अक्षर कुणा विद्यार्थ्याचं असावं, मोठं मोठं, गोल. तिने पहिलं नाव वाचलं, मग शेजारी कुणी नसतानाही ते एकदा मोठ्याने उच्चारून पाहिलं, आणि टाइप करायला घेतलं.